संगणकीय आरेखनातील स्वयंचलन : कळ-संक्षेप, स्क्रिप्ट व ऑटोलिस्प

प्रस्तावना :
धुळे शहरातील देवपूर भागालगत वाहणाऱ्या पांझरा नदीच्या खोऱ्यात फड सिंचन पद्धतीचे जुने बंधारे व पाट आहेत. अशा पाटाच्या सर्वेक्षणानंतर ठराविक अंतरावर काटछेद काढावे लागतात. दर ३० मीटरवर काटछेद घेतल्यास एका किलोमीटरसाठी आरंभबिंदूसह ३४ काटछेद होतात. आकृती बदलते, कृती मात्र तीच राहते. ही पुनरावृत्ती संगणकाकडे कशी सोपवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वयंचलनाचे तीन स्तर :
१) कळ-संक्षेप : १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडमध्ये आज्ञांची लघुरूपे 'एसीएडी डॉट पीजीपी' या साध्या मजकूर-फाईलमध्ये नोंदविलेली असतात. 'लाईन'साठी 'एल' हे त्याचे परिचित उदाहरण. वापरकर्ता त्यात स्वतःची लघुरूपे घालू शकतो. यामुळे टंकलेखन वाचते, परंतु कृतींची संख्या घटत नाही.

२) स्क्रिप्ट : यात आज्ञा क्रमाने लिहिलेल्या असतात. एक्सेलमधील अंतर व तलांक हे स्तंभ स्वल्पविरामाने जोडून 'पीलाईन' या आज्ञेखाली ठेवले की संपूर्ण काटछेद आपोआप रेखाटला जातो.

३) ऑटोलिस्प : जॉन मॅकार्थी यांच्या १९५८ च्या लिस्प भाषेवर आधारलेली ही भाषा १९८६ मध्ये ऑटोकॅडमध्ये आली. अटी व आवर्तने लिहिता येत असल्याने ती एका फाईलमधील तलांक वाचून सर्व काटछेद काढू शकते. मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयांना विनामूल्य फ्रीकॅडमध्ये पायथॉनद्वारे अशीच सोय उपलब्ध आहे.

दक्षता :
स्क्रिप्टमधील रिकामी जागा 'एंटर' मानली जाते. एक अनावश्यक जागाही आज्ञेचा क्रम बिघडविते. याहून गंभीर दोष ऑब्जेक्ट स्नॅपचा आहे. ती सुविधा चालू असल्यास मूळ मांडणीत स्क्रिप्टने दिलेले बिंदू जवळच्या जुन्या बिंदूकडे खेचले जाऊ शकतात. पडद्यावर चुकीची सूचना येत नाही, काटछेदही नीटनेटका दिसतो. मात्र त्यावरून काढलेले खोदाईचे परिमाण चुकते. म्हणून आरंभी 'ओएसमोड'चे मूल्य शून्य करावे.

निष्कर्ष :
स्वयंचलनाने श्रम वाचतात, तसेच एक चूक चौतीस ठिकाणी पोहोचते. यास्तव विद्यार्थ्याने प्रथम एक काटछेद हाताने काढावा, स्क्रिप्टच्या आकृतीशी त्याचे तलांक ताडून पाहावेत आणि मगच उर्वरित काम संगणकाकडे द्यावे. प्रात्यक्षिकाच्या गुणांकनात या पडताळणीस स्वतंत्र स्थान देणे उचित ठरेल.