काउईताचे फाटक

कोस्टा रिका म्हटले की सैन्य बरखास्त करून जंगले राखणारा देश, एवढे मराठी वाचकाला माहीत असते. त्या देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन शहराच्या दक्षिणेला काउईता नावाचे छोटे गाव आहे. शेजारी राष्ट्रीय उद्यान, समुद्रात प्रवाळ, झाडांवर स्लॉथ आणि हाउलर माकडे, गावात कॅलिप्सो संगीत आणि नारळाच्या रसात शिजलेले जेवण. प्रवासी येतात ते यासाठी. पर्यटनाची पुस्तके निसर्ग, संस्कृती आणि खाद्य असे तीन वेगळे रकाने करून हे गाव दाखवतात. माझ्या मते ही मांडणीच चुकीची आहे. काउईताचा निसर्ग हा तिथल्या माणसांच्या श्रमाचा आणि भांडणाचा भाग आहे. उद्यान टिकले, कारण गावाने त्याच्यावरचा आपला हक्क सोडला नाही.

आज छायाचित्रांत दिसणाऱ्या किनाऱ्यावरच्या माडांपासूनच सुरुवात करता येते. 1828 साली विल्यम स्मिथ नावाचा कासवे पकडणारा आफ्रो-कॅरिबियन कोळी पनामातल्या बोकास देल तोरोकडून येऊन काउईताच्या भूशिरावर स्थायिक झाला. त्याच्यामागून आलेल्यांनी किनाऱ्याला नारळ लावले, आत कोको पिकवला. पॉला पामर या अमेरिकन लेखिकेने गावातल्या वृद्धांच्या तोंडून हा सगळा इतिहास गोळा करून 1977 मध्ये प्रसिद्ध केला. या किनाऱ्याविषयी कुणी एकच पुस्तक वाचणार असेल तर तेच वाचावे. पण देशाच्या अधिकृत कथेत इथला काळा माणूस म्हणजे जमैकाहून रेल्वे बांधायला आणलेला मजूर. सान होसे ते लिमोन ही रेल्वे 1890 साली पूर्ण झाली, मग युनायटेड फ्रूट कंपनीचे केळीचे मळे आले. या मजुरांच्या मुलानातवंडांना बरोबरीचे नागरिकत्व मिळाले ते थेट 1948 च्या यादवीनंतर, होसे फिगेरेस यांच्या राजवटीत. आणि त्याच फिगेरेस यांच्या पुढच्या कारकिर्दीत, 1970 साली, काउईताचे भूशीर संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आणि जाळी टाकायचे पाणी एका हुकुमाने नियमांच्या कक्षेत आले. नागरिकत्व ज्यांनी दिले, त्यांच्याच सरकारने ही मर्यादाही घातली.

पुढची वीस वर्षे वाईट गेली. 1970 च्या दशकाच्या शेवटी मोनिलिया ही बुरशी आली आणि कोकोच्या शेंगा झाडावरच सडून पांढऱ्या पडू लागल्या. काही वर्षांतच गावाचे मुख्य पीक बुडाले. 22 एप्रिल 1991 च्या भूकंपाने किनारा असा उचलला गेला की प्रवाळाचा काही भाग पाण्याबाहेर येऊन मेला. उरले ते पर्यटन: घरातली एखादी खोली भाड्याने द्यायची, दारात चार टेबले मांडायची. अशा वेळी, 1994 मध्ये, सरकारने देशभरच्या उद्यानांत परदेशी पाहुण्यांसाठी प्रवेशशुल्क एकदम पंधरा डॉलर केले. तेव्हा अध्यक्षपदी होते होसे मारिया फिगेरेस, 1970 च्या फिगेरेस यांचे चिरंजीव. स्वस्तात राहणारा, पाठीवर पिशवी टाकून फिरणारा प्रवासी हेच काउईताचे गिऱ्हाईक. त्याला पंधरा डॉलर म्हणजे दिवसाचा खर्च. गावकऱ्यांनी गावाला लागून असलेल्या केली क्रीकच्या फाटकाचा ताबा घेतला आणि लोकांना फुकट आत सोडायला सुरुवात केली. तंटा बराच काळ चालला, वाटाघाटी झाल्या आणि अखेर गाव व सरकार यांनी मिळून कारभार पाहावा असे ठरले. केली क्रीकच्या बाजूने पुढे बरीच वर्षे ऐच्छिक देणगीवर प्रवेश मिळत होता. दुसऱ्या टोकाला, पुएर्तो वार्गासच्या फाटकावर, सरकारी तिकीट कायम राहिले.

या व्यवस्थेवर एक आक्षेप वजनदार आहे. देशातली सगळी उद्याने एका सामाईक खजिन्यावर जगतात. लोकप्रिय उद्यानांनी पैसा दिला नाही, तर जिथे कुणी जात नाही त्या जंगलांची राखण कोण करणार? प्रश्न रास्त आहे. पण काउईताचे फाटक महाग झाले असते तर गावाची कमाई आटली असती, आणि उपाशी गावाशेजारी पहारा बसवून जंगल राखणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. दुसरा आक्षेप असा की 'गाव' नावाची एकजिनसी गोष्ट नसते. काउईतामध्ये परदेशी हॉटेलमालक आहेत, जुनी कोळी घराणी आहेत, देशाच्या मधल्या पठारावरून आलेले लोक आहेत. हा कारभार पाहणाऱ्या समितीत कुणाचा आवाज मोठा, हा वाद राहणारच. मला तो दोष वाटत नाही. राजधानीतल्या कचेरीत या वादाला खुर्चीसुद्धा मिळाली नसती. व्यवस्थेची खरी मर्यादा वेगळीच आहे: प्रवाळाची सर्वांत मोठी हानी एस्त्रेया नदीतून वाहून येणाऱ्या गाळाने झाली, आणि त्या नदीकाठी केळीचे मळे आहेत. तिथे ना गावाची सत्ता चालते, ना उद्यानाची.

गाव स्वतःची नोंद कशी ठेवते, याचे उत्तम उदाहरण वॉल्टर फर्ग्युसन. 1919 साली पनामात जन्मलेला, लहानपणीच काउईताला आलेला हा शेतकरी कॅलिप्सो रचायचा. मोनिलिया रोगावर त्याचे गाणे आहे, उद्यानाच्या अधिकाऱ्यांशी कुणा गावकऱ्याच्या झोपडीवरून झालेल्या कटकटीवरही आहे. घरच्या टेपरेकॉर्डरवर गिटार घेऊन तो गायचा आणि ती कॅसेट प्रवाशाला विकायचा. प्रत काढायची पद्धत नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने गायचे. त्यामुळे गावाचा हा दप्तरखाना जगभरच्या घरांतल्या खणांत विखुरला, आणि पुढे काही चाहत्यांना त्या कॅसेटी शोधत फिरावे लागले. फर्ग्युसन 2023 मध्ये, 103 व्या वर्षी, काउईतामध्येच वारला. 7 मे हा त्याचा जन्मदिवस आता देशात कॅलिप्सो दिन म्हणून पाळला जातो.

पण या किनाऱ्याच्या इतिहासाचा सर्वांत मोलाचा पुरावा समुद्रतळाशी होता. उद्यानाच्या उथळ पाण्यात दोन जुनी बुडालेली गलबते आहेत, हे कोळ्यांना पूर्वापार ठाऊक होते; ती चाच्यांची, एकमेकांशी लढून बुडालेली, असा समज होता. 2015 साली अमेरिकन पुराविदांना एका गलबताच्या अवशेषांत पिवळ्या विटा दिसल्या. अशा विटा फ्लेन्सबर्गच्या परिसरात भाजल्या जात आणि डेन्मार्कची जहाजे त्या आपल्या वसाहतींत नेत. दरम्यान या किनाऱ्यावरच्या तरुणांनी सामुदायिक पाणबुडी केंद्र काढले होते. तीच मुले पाण्याखाली फूटपट्टी आणि पाटी घेऊन अवशेषांची मोजमापे घेऊ लागली. 2023 मध्ये डॅनिश पुराविदांनी उत्खनन करून नमुने नेले आणि एप्रिल 2025 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. लाकूड पश्चिम बाल्टिकच्या परिसरातल्या ओकचे, झाड 1690 ते 1695 च्या दरम्यान तोडलेले, आणि लाकडावर जळाल्याच्या खुणा. ही 'फ्रिडेरिकस क्वार्टस' आणि 'क्रिस्टियानस क्विंटस' ही गुलामवाहू जहाजे. 1710 च्या मार्चमध्ये ती वाट चुकून इथे लागली. खलाशांनी बंड केले, सहाशेहून अधिक आफ्रिकी बंदी किनाऱ्यावर उतरवले गेले, एक जहाज पेटवले, दुसऱ्याच्या नांगराचा दोर तोडल्यावर ते लाटांत फुटले. उतरलेल्यांपैकी सुमारे शंभर जणांना स्पॅनिशांनी पुन्हा पकडले. बाकीचे त्यांच्या हाती लागले नाहीत.

म्हणजे रेल्वेच्या मजुरांआधी दीडशेहून अधिक वर्षे या किनाऱ्याच्या इतिहासात आफ्रिकी माणूस आहे. आजच्या गावकऱ्यांपैकी कुणाची नाळ त्या माणसांशी जुळते, हे विटा सांगू शकत नाहीत, आणि गावाचा हक्क रक्ताच्या नात्यावर अवलंबून ठेवण्याचे कारणही नाही. त्याला स्मिथपासूनचे श्रम पुरेसे आहेत. अमेरिकन आणि डॅनिश शास्त्रज्ञांशिवाय हे सिद्ध झाले नसते, हेही खरे. पण विटा, लाकूड आणि कागदपत्रे यांची सांगड घालायला समुद्रतळ राखलेला लागतो आणि जागा माहीत असलेली माणसे लागतात. दोन्ही काउईतामध्ये होती.

जेवणातही हाच इतिहास शिजतो. रोंडॉन म्हणजे मासे, कोनफळ, कसावा, कच्ची केळी आणि नीरफणस नारळाच्या रसात मंद आचेवर शिजवलेला रस्सा; नीरफणसाची रोपे 1793 मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून कॅरिबियन बेटांवर आणली, ती गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. राजमा घातलेल्या नारळी भातावर पनामाची तिखट मिरची अख्खी, न फुटू देता ठेवतात. फुटली तर भात तोंडात घालवत नाही. सिंधुदुर्गातल्या माणसाला या हंड्यातले निम्मे जिन्नस ओळखीचे वाटतील.

तेव्हा काउईताला जाणाऱ्याने केली क्रीकच्या फाटकाने आत शिरावे, पैसे तिथे द्यावेत, वाटाड्या गावातलाच घ्यावा. रोंडॉन शिजायला वेळ लागतो, म्हणून खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावे. आणि प्रवाळ पाहताना एस्त्रेया नदीचे पाणी त्या दिवशी किती गढूळ आहे, हे नावाड्याला विचारावे.