शेकरूची शिरगणती

रायगड जिल्ह्यातील तळा गावाच्या डोंगरांपासून वायव्येस, मुरूड आणि रोहा या तालुक्यांच्या हद्दींत पसरलेले फणसाडचे अरण्य एके काळी जंजिरा संस्थानच्या नवाबांची राखीव शिकारभूमी होते; संस्थान विलीन झाले, बंदुकीचे बार थांबले, आणि १९८६ साली त्या मुलखास अभयारण्याचा दर्जा प्राप्त झाला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री येथील पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची गणना होते. परंतु महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, त्या गणनेत सापडावे कसे? हा प्राणी दिनचर. चांदणे पडते तेव्हा तो उंच फांद्यांवरील आपल्या घरट्यात निद्रिस्त असतो.

लहान, पट्टेदार खारींची मोजदाद त्या मानाने सुकर आहे. आमिष ठेवलेल्या पिंजऱ्यात खार जिवंत पकडावी, खूण करून सोडावी, आणि काही दिवसांनी पुन्हा पिंजरे लावावेत. समजा, प्रथम २० खारींना खूण केली आणि दुसऱ्या खेपेस सापडलेल्या २० पैकी ५ खुणेच्या निघाल्या, तर खुणेच्या खारी एकंदर संख्येच्या चतुर्थांश असाव्यात, म्हणजे त्या वनखंडात सुमारे ८० खारी असाव्यात, असा अंदाज बांधता येतो. कॅनडातील युकॉन प्रदेशात क्लुआनीच्या पर्वतीय अरण्यात १९८७ पासून लाल खारी अशाच पकडून, कानाला बिल्ला लावून सोडल्या जात असून, एकेका खारीचे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे दप्तर तेथे सिद्ध झाले आहे.

शेकरूपुढे मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, कारण जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या या प्राण्यासाठी पिंजरा वृक्षशिखरीच चढवावा लागतो, आणि रक्षित प्राणी असल्याने त्यास पकडण्यापूर्वी सरकारी परवानाही आवश्यक ठरतो. मग घरटी मोजावीत, तर एकच शेकरू अनेक घरटी बांधते. घरट्यांचा आकडा हाच प्राण्यांचा आकडा मानणारा हिशेब मुळातच फुगलेला असतो. उरते ते पहाटेपासून मान वर करून केलेले निरीक्षण: कोणत्या घरट्यातून प्राणी बाहेर पडला, कोणत्या झाडाची फळे त्याने खाल्ली. भीमाशंकर आणि कर्नाटकातील मागोड या अरण्यांत, फळांच्या टंचाईत शेकरू वड-उंबरांच्या कुळातील फळांवर कितपत विसंबते, या प्रश्नाचा रेनी बोर्जेस यांनी केलेला आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. प्राणी किती, या प्रश्नाइतकाच तो जगतो कशावर, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तळ्याच्या परिसरातील हौशी निरीक्षकांनी नोंदवहीत आणखी एक रकाना अवश्य आखावा. शेकरूची झेप सुमारे ६ मीटरपर्यंत जाते. रस्त्यासाठी वा सरपणासाठी झाडे तुटून फांद्यांमध्ये त्याहून रुंद खिंडार पडले, तर पलीकडच्या आंब्या-जांभळांवर जाण्यासाठी त्याला जमिनीवर उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि तेथे गावातील कुत्री असतात. म्हणून शेकरू दिसले त्या झाडाच्या नावापुढे, शेजारच्या झाडाच्या फांदीपर्यंतचे अंतरही लिहावे.