आकाशांतील दोर आणि दस्तक

पूर्णगडच्या तटावरून मुचकुंदी समुद्रास मिळतांना दिसते. तेथें सायंकाळीं उभे असतां, खालीं नांगरलेल्या होड्या पाहून बरोबरच्या मुलानें विचारलें, "काका, आकाशांतल्या यानाला असा दोर लावतां येईल का?" प्रश्न पोरकट नव्हता.

असा प्रयोग १९९६ च्या फेब्रुवारींत झालेला आहे. अमेरिकेच्या 'कोलंबिया' यानांतून इटलीचा एक उपग्रह लांब तारेच्या टोंकास बांधून सोडण्यांत आला. सुमारें १९.७ किलोमीटर तार सुटली होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रांतून ती अतिवेगानें जात असल्यामुळें तींत सुमारें ३,५०० व्होल्टांचा विद्युद्दाब उत्पन्न झाला. वेष्टनांतील दोषाच्या जागीं ठिणगी पडून ती जळाली व तुटली. तथापि तत्त्व सिद्ध झालें. अशा तारेंतून प्रवाह वाहूं लागला म्हणजे चुंबकीय क्षेत्र तिच्या गतीस विरोध करतें. त्यामुळें निकामी उपग्रह इंधनावांचून हळूहळू खालीं आणून वातावरणांत जाळतां येईल, अशी शास्त्रज्ञांची आशा आहे.

ही आशा आपल्याही घराशीं संबद्ध आहे. २ एप्रिल २०२२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी गांवीं आकाशांतून धातूचें एक मोठें कडें पडलें. तें चिनी अग्निबाणाचें असावें असा अभ्यासकांचा तर्क आहे. तें एखाद्या घरावर पडतें तर?

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें जमिनीवरील अशा हानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्रानें द्यावयाची असते. तेथें चूक सिद्ध करावी लागत नाहीं. अंतराळांतच टक्कर झाल्यास मात्र चूक दाखवावी लागते. कित्येक किलोमीटर लांबीची तार दुसऱ्याच्या उपग्रहास कापून गेली, तर चूक कोणाची ठरवावी? शिवाय १९६७ च्या करारानें खाजगी उद्योगासही आपल्या सरकारची अनुमति व सततची देखरेख आवश्यक केली आहे. आंग्र्यांच्या काळीं या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांस दस्तक लागे, येथेंही तसेंच.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बनविलेला सुमारें एक किलो वजनाचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजीं इस्रोच्या अग्निबाणानें आकाशांत गेला. त्यांच्या पाठीशीं सरकारी संस्था होती. स्वतःच्या हिंमतीवर निघणाऱ्या तरुणांसाठीं २०२० सालीं 'इन-स्पेस' ही अनुमति देणारी संस्था स्थापण्याचा निर्णय झाला, व २०२३ सालीं अवकाश-धोरण जाहीर झालें. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. नुकसानीचा भार सरकारनें किती उचलावा, उद्योजकानें किती, विमा केवढा असावा, हें कायद्यानेंच स्पष्ट व्हावें. भार अमर्याद ठेवला तर धाडस मरेल; मुळींच न ठेवला तर लाडबोरीसारख्या गांवांस वाली राहणार नाहीं.

त्या मुलास आम्हीं इतकेंच सांगितलें, "बाळ, दोर अवश्य सोड, पण दुसरें टोंक कोणाच्या हातीं आहे, हें आधीं ठरव."