वडिलांना मुलं झाली, मग मला का नाहीत?

लेखमाला : पुरुषाचं वंध्यत्व | लेखांक ७

वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर ‘निल’ शेरा आला, तर तो लगेच खरा मानायचा नाही, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. तपासणी पुन्हा करायची, नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि तरीही एकही शुक्राणू दिसला नाही, तरच पुढचा विचार. शंभरातल्या साधारण एका पुरुषाच्या बाबतीत हा शेरा खरा ठरतो. त्यांपैकी ज्यांचं कारण गुणसूत्रांत किंवा जनुकांत दडलेलं आहे, त्यांच्याविषयी आज.

डॉक्टरांनी ‘जेनेटिक’ म्हटलं की घरातून ठरलेला प्रश्न येतो : “आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही. ह्याच्या वडिलांना चार मुलं झाली. मग ह्यालाच कसं?” प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर न मिळाल्यामुळे कितीतरी घरांत नवऱ्याची पुढची तपासणी तिथेच थांबते, आणि सोनोग्राफ्या, गोळ्या, उपास, नवस हे सगळं सुनेच्या वाट्याला येतं. म्हणून आधी उत्तर.

जनुकांतला प्रत्येक बदल आईवडिलांकडून चालत आलेला नसतो. पुष्कळदा तो या माणसापासूनच सुरू होतो. क्लाइनफेल्टर सिंड्रोम घ्या. १९४२ साली बॉस्टनमध्ये हॅरी क्लाइनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ पुरुषांची लक्षणं नोंदवली : लहान, घट्ट वृषणं, वीर्यात शुक्राणू नाहीत, काहींची छाती किंचित वाढलेली. कारण कळायला १९५९ उजाडलं. एडिंबरामध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांना अशा पुरुषाच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं सापडली. एक ‘एक्स’ जास्तीचा होता. आईचं बीजांड किंवा वडिलांचा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकली की असं होतं. यात दोष कुणाचाच नसतो आणि घराण्यात आधी कुणाला असण्याचं कारणही नसतं. सुमारे सहाशे मुलग्यांत एक असा जन्मतो. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, आणि लागतो तो लग्नानंतर, मूल होईना म्हणून.

दुसरं मोठं कारण ‘वाय’ गुणसूत्राचा तुकडा गळणं. बाकीची गुणसूत्रं जोडीनं असतात. एकावर बिघाड झाला तर दुसऱ्याकडे पाहून दुरुस्ती होते. वायला जवळजवळ सगळ्या लांबीत जोडीदार नाही. म्हणून त्यानं आपल्यातच काही मजकूर दोनदा लिहून ठेवला आहे आणि तोही उलटसुलट, ‘चिमा काय कामाची’ कुठूनही वाचा, तसा. वायची ही रचना २००३ मध्ये डेव्हिड पेज यांच्या गटानं उलगडून दाखवली. या सारखेपणामुळे वाय स्वतःची दुरुस्ती करू शकतो, आणि त्याच सारखेपणामुळे कधी दूरच्या दोन तुकड्यांची चुकून गाठ पडते आणि मधला भाग नाहीसा होतो. एझेडएफ-सी नावाच्या भागात असं झालं, तर सुमारे ३५ लाख अक्षरांचा मजकूर एकदम जातो. त्यात शुक्राणू घडवणारी जनुकं असतात. वडिलांचा वाय शाबूत असतो. तुकडा गळतो तो मुलाकडे येताना.

तिसऱ्या प्रकारात मात्र आईवडील दोघेही नकळत वाहक असतात. सीएफटीआर जनुकाच्या दोन्ही प्रतींत बदल असले, तर काही पुरुषांत शुक्रवाहिन्याच तयार होत नाहीत. वृषणांत शुक्राणू भरपूर, बाहेर यायला वाट नाही. वीर्य कमी, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नाही, असा रिपोर्ट असेल आणि वृषणांचा आकार नेहमीसारखा असेल, तर अनुभवी डॉक्टर हातानं तपासूनच हे ओळखतात. इथे शुक्राणू सुईनंही काढता येतात. पण त्याआधी बायकोची सीएफटीआर तपासणी व्हायलाच हवी. तीही वाहक निघाली, तर दर गर्भधारणेत बाळाच्या दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता निम्मी असते, आणि ते बदल गंभीर असतील तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आणि पचनाचा कठीण आजार होऊ शकतो. युरोपीय लोकांत आढळणाऱ्या बदलांची छोटी यादी तपासून इथे भागत नाही. आपल्याकडे बदल वेगळे असतात, म्हणून जनुक पूर्ण वाचून घ्यावं.

यांपैकी कुठल्याही कारणाचा पुरुषाच्या शरीरसंबंधाच्या क्षमतेशी सहसा संबंध नसतो. वीर्य येतं, संसार नीट चाललेला असतो. “माझ्यात काय कमी आहे?” असं विचारणारा नवरा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच काही जाणवलेलं नसतं.

कारणाचं नाव आधी कळण्यावर माझा एवढा भर का, तर उपाय त्यावर ठरतात. वायवरचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गेला असेल, तर वृषणात शोधूनही शुक्राणू मिळत नाहीत. अशा पुरुषावर शस्त्रक्रिया करणं म्हणजे निष्कारण जखम आणि खर्च. एका रक्ततपासणीनं ते टळतं. एझेडएफ-सी गेला असेल, तर काहींच्या वीर्यातच थोडे शुक्राणू असतात, आणि नसलेल्यांपैकीही निम्म्यांच्या आसपास पुरुषांच्या वृषणात ते सापडतात.

क्लाइनफेल्टरच्या पुरुषांना तर काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘तुम्हाला स्वतःचं मूल होणार नाही’ असंच सांगत. १९९२ मध्ये ब्रुसेल्समधून इक्सीचं यश जाहीर झालं. बीजांडात एकच शुक्राणू सुईनं सोडला तरी गर्भ राहतो, हे सिद्ध झालं. मग एक तरी शुक्राणू शोधण्याला अर्थ आला. न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगल यांनी मायक्रो-टेसे ही पद्धत रुळवली : भूल देऊन वृषण उघडायचं, शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकातून पाहायचं आणि सुकलेल्या नलिकांच्या गर्दीत एखादी जाड, भरलेली दिसते का, ते बघायचं. क्लाइनफेल्टरमध्ये दहापैकी साधारण चार जणांत ती सापडते. अशा नलिकेतल्या काही पेशींनी जास्तीचा एक्स कधीतरी टाकून दिलेला असतो, असं मानतात. जन्मलेल्या बहुतेक बाळांची गुणसूत्रं नेहमीसारखीच आहेत.

एक इशारा फार कळकळीनं द्यायचा आहे. क्लाइनफेल्टरच्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असतं, म्हणून कुणी इंजेक्शनं सुरू करून देतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की वृषणांना मेंदूकडून येणारा संदेश थांबतो आणि उरलेसुरले शुक्राणूही बंद होतात. मूल हवं असेल तर आधी शुक्राणूंचा शोध, ते मिळाले तर गोठवून ठेवणं, आणि मगच इंजेक्शनं. पुढे ती घ्यावीत, कारण हाडं आणि स्नायू त्यावर टिकतात.

आणि बायको? रिपोर्ट नवऱ्याचा, पण आयव्हीएफची रोजची इंजेक्शनं तिच्या पोटात, बीजांडं काढण्याची भूल तिला. यश ठरतं तेही मुख्यतः तिच्या वयावर. नवऱ्याची तपासणी तीन वर्षं लांबली, तर ती वर्षं तिची गेलेली असतात. म्हणून लग्नानंतर पहिल्या तपासण्या दोघांच्या एकदमच व्हाव्यात.

शुक्राणू मिळालेच नाहीत, तर दाता किंवा दत्तक. घरात दबक्या आवाजात दिराचं नाव निघतं. २०२१ च्या कायद्याप्रमाणे ते चालत नाही. शुक्राणू नोंदणीकृत बँकेकडूनच यावे लागतात, दात्याची ओळख गुप्त राहते, एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला मिळतात, आणि बाळ कायद्यानं त्या जोडप्याचंच. धृतराष्ट्र आणि पंडू व्यासांपासून झाले, तरी विचित्रवीर्याचे पुत्र म्हणूनच गादीवर बसले. रक्ताचा हट्ट धरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे आठवावं.

एझेडएफ-सीच्या जोडप्यांपुढे मात्र आणखी एक प्रश्न येतो, आणि तो सुरुवातीच्या प्रश्नाच्या उलट्या दिशेनं. वडिलांकडून आलं नव्हतं, पण मुलगा झाला तर त्याच्याकडे ते नक्की जाणार, कारण वाय बापाकडूनच मिळतो. मुलीला काहीच होत नाही. काही देशांत अशा वेळी मुलीचा भ्रूण निवडून देतात. आपल्याकडे त्याला बंदी आहे. लिंगनिदानावर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य १९८८ साली महाराष्ट्रच होतं, आणि तो का करावा लागला ते आपल्याला ठाऊक आहे. मूल होण्यात अडचण येणं, एवढ्यासाठी ती बंदी सैल व्हावी असं मला वाटत नाही. मुलगा बाकी सर्वांगानं धडधाकट असतो. मात्र अशा पुरुषांत शुक्राणू वयाबरोबर घटत जाऊ शकतात. म्हणून तो अठराएक वर्षांचा झाला की त्याला स्पष्ट सांगावं, वीर्य तपासून घ्यावं आणि शुक्राणू असतील तर गोठवून ठेवावेत. वडिलांचा जेनेटिक रिपोर्ट त्यासाठी घरात जपून ठेवलेला हवा.

पुढील लेखांकात : मेंदूतून वृषणांकडे संदेशच न पोहोचणं, म्हणजे औषधांनी शुक्राणू पुन्हा तयार होऊ शकतात असं वंध्यत्व.