कहाणी आणि जलरंग : धुरंधरांच्या चित्रांच्या निमित्ताने

श्रावणातील कहाण्या वर्गात शिकवताना मला एका चित्रकाराची मदत होते : रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४). कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्या व्रतकहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या नावाने इंग्रजीत आणल्या. त्या पुस्तकातील चित्रे धुरंधरांची आहेत.

कहाणीत पुराण आणि गाव एकाच अंगणात नांदतात. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाच्या हुकमाने साऱ्या नगराचे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले जाते, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी वासरांना आणि मुलाबाळांना पोटभर पाजते, मग उरलेले खुलभर दूध वाहते. आणि गाभारा भरतो. चमत्कार देवळात घडतो, पण त्याचे कारण गोठ्यात आणि घरात असते.

हे चित्रात आणताना अडचण येते. शब्दांना ‘आधी’ आणि ‘मग’ सांगता येते. चित्राला बहुधा एकच क्षण निवडावा लागतो. भरलेला गाभारा रंगवला तर कारण हरवते. वासरांजवळची म्हातारी रंगवली तर देव दिसत नाही. म्हणून क्षणाची निवड हेच चित्रकाराचे कथेवरील भाष्य असते.

माध्यमही काही शिकवते. पारदर्शक जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जातात. पांढऱ्यासाठी सहसा कागदच कोरा राखतात. तेथे दूध रंगवायचे नसते, राखायचे असते. कहाणीही म्हातारीची भक्ती वर्णन करीत बसत नाही. ती काय करते एवढेच सांगते.

ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकासाठीही धुरंधरांनी चित्रे काढली. तेथील स्त्रिया बहुतांशी आपापल्या जातिजमातीचा नमुना म्हणून उभ्या आहेत. पेहराव बारकाईने टिपला आहे, पण त्यांना गोष्ट नाही. कहाणीत मात्र तशीच लुगड्यातली बाई कर्ती होते. विद्यार्थ्यांनी हा फरक ओळखायला हवा.

बेळगाव, बडोदे, इंदूर येथील आपल्या अनेक मुलांना आता ‘खुलभर’ म्हणजे किती हे सांगावे लागते. चित्र वस्तू दाखवील, पेहराव दाखवील. दूध आधी कोणाला द्यायचे, हे मात्र कहाणीच सांगेल. म्हणून मी प्रथम कहाणी ऐकवतो आणि मग विचारतो : यातला कोणता क्षण तुम्ही रंगवाल, आणि का?