केळ्यात बी का धरत नाही

पिकलेले केळे आडवे कापा. मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतील. ही न वाढलेली बीजांडे. रानटी केळ्यात त्यांच्या जागी टणक काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात आणि गर नावापुरता. बियांचा हा फरक पडतो मुख्यतः गुणसूत्रांच्या संख्येमुळे.

रानकेळीच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात, ११ आईकडची आणि ११ बापाकडची. बीजांड किंवा पराग घडताना अर्धगुणसूत्री विभाजन होते. आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. मग आईकडचे गुणसूत्र बापाकडच्या आपल्या जोडीदाराला लगटून बसते आणि दोघे काही तुकड्यांची अदलाबदल करतात. जोड्या पेशीच्या मध्यावर येतात, एक जोडीदार या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला ओढला जातो. दुसऱ्या फेरीत नकलाही वेगळ्या होतात. शेवटी प्रत्येक जननपेशीत ११ गुणसूत्रे उरतात.

कोणती जोडी कुठे तोंड करून उभी राहील, हे कोणीच ठरवत नाही. ११ जोड्यांची वाटणी २०४८ प्रकारे होऊ शकते. पराग आणि बीजांड दोन्ही धरले तर सुमारे ४२ लाख प्रकारे, तेही तुकड्यांची अदलाबदल न मोजता. एका घडातल्या दोन बिया सहसा सारख्या निघत नाहीत, त्या यामुळेच. मला तर सगळ्या जीवशास्त्रात याहून विलक्षण काही दिसत नाही.

आता जळगावच्या बागेतली बसराई, श्रीमंती किंवा ग्रँड नैन घ्या. यांच्या पेशीत ३३ गुणसूत्रे, प्रत्येक प्रकारची तीन. पूर्वी कधीतरी एका जननपेशीतली संख्या निम्मी झालीच नाही. २२ गुणसूत्रांची ती पेशी ११ वालीशी मिळाली. असे झाड जोमाने वाढते, कारण पाने-खोड वाढवणाऱ्या साध्या विभाजनात जोड्या लागतच नाहीत. अडते ते बीजांड घडताना. तिघांची वाटणी समान होणार कशी? एका टोकाला दोन जातात, दुसऱ्याला एक, आणि अकराही वेळा हे नव्याने ठरते. नेमकी ११ किंवा २२ गुणसूत्रे मिळण्याची शक्यता कागदावर १०२४ मध्ये एक. प्रत्यक्षात काही गुणसूत्रे वाटेतच मागे राहतात, त्यामुळे ती आणखी कमी. बी धरत नाही ते मुख्यतः यामुळे. फळ मात्र परागाशिवायही भरते. तो केळीचा स्वतंत्र गुण.

म्हणून शेतकरी कंद लावतो, नाहीतर टिश्यू कल्चरची रोपे आणतो. बाग एकसारखी येते, घड एकाच वेळी भरतात. पण वाटणी नाही म्हणजे नवे काही जुळून येणेही नाही. मातीतल्या बुरशीने होणाऱ्या पनामा रोगाने ग्रो मिशेल या वाणाचा निर्यात व्यापार १९५० च्या दशकात मोडीत काढला, तेव्हा तग धरणारे कॅव्हेंडिश त्याच्या जागी आले. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन सगळी याच कॅव्हेंडिश गटातली, आणि या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. म्हणूनच नवे वाण घडवण्यासाठी होंडुरासमधल्या केळी-संशोधकांनी फुलांवर हाताने पराग टाकून, पिकलेला गर चाळून एकेक बी शोधली आहे. ग्रो मिशेलच्या बुटक्या प्रकारात ती क्वचित सापडते, कॅव्हेंडिशमध्ये त्याहूनही दुर्मीळ.