गाडीखालचा तो खडखडणारा पत्रा

गतिरोधकावरून जाताना गाडीखालून पत्रा खडखडतो. गॅरेजवाला वाकून बघतो आणि म्हणतो, "काढून टाकू, काही फरक पडत नाही." पडतो.

जोर लावून गाडी पळवताना इंजिनातून निघणारा धूर 700-800 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, आणि सायलेन्सरकडे जातो तो आपल्या पायांखालूनच. वाटेत कुठे ब्रेकच्या नळ्या, कुठे प्लास्टिकची पेट्रोल टाकी. पाइपाची धग तिथवर बरीचशी किरणांच्या रूपाने पोचते. स्पर्श न होताही भाजते. मधला चकचकीत पत्रा ती परतवतो. भर उन्हात छत्री उघडावी तसे: हवा तेवढीच गरम, पण चटका थांबतो. पत्रा आणि गाडीचा तळ यांमधली पोकळीही तितकीच कामाची, तिथून वारा खेळतो. ती चिखलाने बुजली की पत्रा असून नसल्यासारखा. आणि त्यावरचे उठाव शोभेचे नाहीत. मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या पत्र्याला त्यांनीच ताठपणा येतो.

पाइपाची तऱ्हा वेगळी. दोन मीटरचा पोलादी पाइप 300 अंशांनी तापला की सहा-सात मिलिमीटर लांबतो, म्हणून तो रबरी कड्यांवर लोंबता ठेवतात. नवखा मेकॅनिक एकेक सांधा करकचून आवळत जातो. जाणता सगळे आधी ढिले जोडतो, पाइप नीट लटकू देतो, मगच आवळतो.

खडखड बहुधा बोल्टाभोवतीचे भोक गंजून मोठे झाल्याची असते. रुंद वॉशर घालून पत्रा पुन्हा बसवून घ्या. काढू मात्र देऊ नका.